थेंबांतली डीएनए तपासणी : सिकलसेलच्या घरात कधी हवी, कधी नको

समजा, घोलवडजवळच्या एखाद्या पाड्यावर तुमच्या घरी औषधांच्या पिशवीत चार कागद जमले आहेत. एक थोरल्या मुलीच्या आश्रमशाळेतल्या तपासणीचा, त्यावर ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढेच. दुसरा एचपीएलसीचा, ‘एएस पॅटर्न’ असे लिहिलेला. तिसरे शहरातल्या प्रयोगशाळेचे चकचकीत माहितीपत्रक, त्यात ‘ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर’ नावाची, म्हणजे थेंबांतली, डीएनए तपासणी. चौथी सुनेच्या गरोदरपणात भरलेल्या ‘एनआयपीटी’ची पावती. चारही कागद सिकलसेलबद्दलच बोलतात असे वाटते, आणि जो सर्वांत महाग तोच सर्वांत खरा, असेही वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकायचे तर, डहाणू-तलासरीतल्या बहुतेक कुटुंबांना थेंबांच्या तपासणीची गरज नाही. सरकारी दवाखान्यातून होणाऱ्या दोन साध्या तपासण्या त्यांना पुरतात. थेंबांचा खरा प्रश्न येतो तो नवरा-बायको दोघेही वाहक असताना आणि दिवस गेलेले असताना. तिथेही ती तपासणी अजून शेवटचा शब्द नाही. मात्र तोपर्यंत वाया गेलेले आठवडे परत मिळत नाहीत, म्हणून पुढचा तपशील दिवस राहण्याआधीच वाचलेला बरा.

आधी वाहक की रुग्ण, ते पक्के करा

सिकलसेल हा अकराव्या गुणसूत्रावरच्या एचबीबी या जनुकातला, डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल. आई आणि वडील दोघांकडूनही बदललेले जनुक आले तर मूल रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. एकाकडूनच आले तर वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहक माणूस आजारी नसतो. त्याला सिकलसेलची गोळी लागत नाही, वाडीतले कष्टाचे काम करता येते, लग्नही करता येते. ‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढे दोन शब्द ऐकून कोणाचे ठरलेले लग्न मोडत असेल, तर आधी पूर्ण अहवाल मागा.

भारतात हा दोष पहिल्यांदा १९५२ मध्ये नोंदवला गेला, तो निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. आपल्याकडे वारली, कोकणा, दुबळा, धोडिया या समाजांतही तो आढळतो. २०११च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर १० पैकी ९ माणसे आदिवासी आहेत, त्यामुळे इथे घरोघर तपासणी करण्याला अर्थ आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य ठेवले आहे. आदिवासी नसलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. विदर्भात इतर समाजांतही हा आजार भरपूर दिसतो.

गावाजवळच होणाऱ्या दोन तपासण्या

पहिली सोल्युबिलिटी. बोटातून थेंबभर रक्त काढून द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात तिच्यावर विसंबू नका, कारण त्या वयात गर्भातलेच हिमोग्लोबिन जास्त असते आणि रोग असूनही द्रावण स्वच्छ राहू शकते. रक्त फार कमी असलेल्या माणसातही ती फसते.

दुसरी एचपीएलसी. शिरेतून रक्त घेऊन यंत्रावर कोणते हिमोग्लोबिन किती टक्के आहे ते मोजतात. वाहकात सिकलचे ‘एस’ साधारण २० ते ४० टक्के आणि साधे ‘ए’ त्याहून जास्त असते. रुग्णात ‘ए’ जवळपास नसतेच. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंना किंवा नर्सबाईंना नमुना कधी घेतात आणि अहवाल कुठे येतो ते विचारा. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय गाठायची वेळ आली तर जुने कागद सोबत न्या.

या टप्प्यावर तीन चुका हमखास होतात :

- बायको वाहक निघाली, नवऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली आणि सगळे निश्चिंत झाले. ही सर्वांत महागात पडणारी चूक. नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्हच येते, पण दोघांच्या बाळाला ‘सिकल-बीटा थॅलेसेमिया’ होऊ शकतो. म्हणून एक जण वाहक निघाला की दुसऱ्याची एचपीएलसीच करा आणि त्यात ‘ए-टू’ हिमोग्लोबिनचा आकडा पाहायला सांगा.
- गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले होते, ते सांगायचेच राहिले. दात्याच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तोवर एचपीएलसी भलतेच चित्र दाखवू शकते.
- पूर्वी ‘एएस’ आलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा तपासणी केली. जनुक बदलत नाही. पक्का अहवाल एकदा मिळाला की तो जपून ठेवा.

लग्नाआधी तपासा, हा सल्ला शहरी पुस्तकातला आहे. इथली कित्येक वारली जोडपी आधी संसार थाटतात आणि लग्नाचा विधी ऐपत झाल्यावर, कधी मुले झाल्यानंतरही करतात. त्यामुळे ‘लग्नाआधी’ची वाट पाहण्यापेक्षा मुलगा-मुलगी शाळेत असतानाच एचपीएलसी करून घ्या, आणि ते राहिले असेल तर पाळी चुकल्यावर पहिल्याच भेटीत.

डीएनए तपासणी म्हटली तरी ती एकच नसते

एचपीएलसीचा अहवाल संदिग्ध आला, नुकतेच रक्त चढवले असले, किंवा सिकल आणि थॅलेसेमिया यांची सरमिसळ वाटली, तर डॉक्टर डीएनए तपासणी सुचवतात. ती साध्या पीसीआरने होते. पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढण्याची पद्धत. १९८५ मध्ये ती पहिल्यांदा जगापुढे आली, ती सिकलसेलच्याच निदानासाठी. सिकलच्या बदलापुरते एका माणसाचे जनुक एए, एएस किंवा एसएस यांपैकीच असते आणि त्याला हे साधे तंत्र पुरे होते. इथे कोणी थेंबांची तपासणी गळ्यात मारू लागले तर ‘साध्या पीसीआरने काय कळणार नाही?’ असे विचारा.

थेंबांचे तंत्र वेगळ्या अडचणीसाठी आहे : पुष्कळ डीएनएच्या गर्दीत थोडासा वेगळा डीएनए मिसळलेला असतो आणि तो नेमका किती, हे मोजायचे असते. एका प्रचलित यंत्रात २० मायक्रोलिटर मिश्रण केसाएवढ्या नळ्यांतून तेलात सोडून त्याचे सुमारे २०,००० थेंब करतात. एकेक थेंब जेमतेम नॅनोलिटरचा. त्यामुळे बहुतेक थेंबांत डीएनएची एखादी प्रत येते किंवा एकही येत नाही. मग सगळ्या थेंबांत एकदम पीसीआर होतो. साधे जनुक असलेला थेंब एका रंगाने चमकतो, सिकलचा दुसऱ्या रंगाने. थेंब एका रांगेत प्रकाशासमोरून जातात आणि यंत्र ते मोजते. संशोधनाच्या प्रयोगशाळांत याच्या पुढे जाऊन चमकणारे थेंब विजेच्या झटक्याने बाजूच्या वाटेला वळवतात आणि त्यातले रेणू निवडून घेतात. तुमच्या अहवालात मात्र ही निवड नसते, फक्त मोजणी असते.

कर्करोगाच्या उपचारात रक्तात उरलेला रोगाचा अंश मोजायला किंवा अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णात दात्याचा वाटा किती टिकला हे पाहायला ही मोजणी कामाची आहे. सिकलसेलच्या घराशी तिचा संबंध येतो गरोदरपणात.

आईच्या रक्तातून बाळाचे कळते का?

काही प्रमाणात कळते. आईच्या रक्तद्रवात बाळाचा डीएनए तरंगत असतो, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. पण त्याचा वाटा फार थोडा असतो, पहिल्या तिमाहीच्या अखेरीस साधारण १० टक्के. पुढचे गणित कंटाळवाणे वाटले तरी पैसे भरण्याआधी समजून घ्या.

आई वाहक आहे. तिच्या ९० टक्के डीएनएत निम्मे साधे जनुक आणि निम्मे सिकलचे, म्हणजे ४५-४५. बाळ रुग्ण असेल तर त्याचे १० टक्केही सिकलचेच. एकूण प्रमाण झाले सिकल ५५, साधे ४५. बाळ वाहक असेल तर ५०-५०. बाळ पूर्ण निरोगी असेल तर सिकल ४५, साधे ५५. रोगी आणि निरोगी वाहक यांच्यात फरक आहे तो एवढा बारीक.

आता मोजणीत २०० प्रतीच सापडल्या तर रुग्ण बाळाच्या वेळी ११० विरुद्ध ९० असा कौल येईल. इतका फरक ५०-५० असतानाही योगायोगाने पडू शकतो. २,००० प्रती मोजल्या आणि ११०० विरुद्ध ९०० आले, तर तो योगायोग मानता येत नाही. पण बाळाचा वाटा १० ऐवजी ४ टक्केच असेल तर २,००० प्रतींतही आकडे १०४० विरुद्ध ९६० येतात, आणि पुन्हा शंका उरते. म्हणून अहवालात बाळाच्या डीएनएचा वाटा किती होता आणि किती प्रती मोजल्या, हे लिहिलेले नसेल तर ‘निरोगी’ या शब्दावर भरवसा ठेवू नका.

आईकडे सिकल आणि वडिलांकडे थॅलेसेमियाचा दोष असेल तर काम थोडे सोपे. तेव्हा आईच्या रक्तात वडिलांचा दोष फक्त आहे की नाही ते शोधायचे असते, कारण तो आईकडे मुळातच नसतो.

इतके असूनही, गर्भातल्या सिकलसेलचे निदान आजही वारेच्या तुकड्यावरून किंवा गर्भजलावरून करतात. आईच्या रक्तावरची थेंब-मोजणी ‘रोग नाही’ म्हणाली तर दिलासा जरूर घ्या, पण ती ‘रोग आहे’ म्हणाली तर तिच्या एकटीच्या आधाराने गर्भपाताचा निर्णय घेऊ नका.

एनआयपीटीच्या पावतीत अडकू नका

सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. बाजारात ‘एनआयपीटी’ नावाने विकली जाणारी नेहमीची तपासणी डाउन सिंड्रोमसारखे, गुणसूत्रांच्या संख्येचे दोष पाहते. सिकलसेल तिच्यात येत नाही. अहवालावर ‘लो रिस्क’ छापून येते आणि वाहक जोडपे सिकलची काळजी सोडून देते. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘यात एचबीबी जनुकाचा सिकल बदल तपासता का? तसे लिहून द्याल का?’

दिवस गेल्यावर आठवडे मोजून चाला

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटतात, असे नाही.

- ८ आठवड्यांपर्यंत : नोंदणी करा. दोघांची एचपीएलसी झाली नसेल तर त्याच दिवशी रक्त द्या.
- १० आठवड्यांपर्यंत : दोघे वाहक निघाल्यास समुपदेशन घ्या आणि तपासणीची तारीख ठरवा. दोघांची डीएनए तपासणीही याच काळात उरकावी, कारण बाळात नेमका कोणता बदल शोधायचा ते त्यावरून ठरते.
- ११ ते १३ आठवडे : वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासणी. गर्भ पडण्याचा धोका अनुभवी हातांत शंभरात एकाहून कमी.
- १५ आठवड्यांनंतर : वारेची वेळ हुकली असेल तर गर्भजल.

या तारखा इथे का हुकतात, ते उघड आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा गुजरातच्या कामांवर जातात आणि होळीला परततात. मधल्या चार महिन्यांत दिवस गेले तर गावच्या आशाताईंना कळायला उशीर होतो. गाव सोडताना दोघांचे एचपीएलसीचे कागद सोबत न्या आणि पाळी चुकताच कामाच्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवा. तपासणीसाठी गावी परतण्याची सक्ती नाही.

कुठे जायचे? परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय रक्तविकार संस्था आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांचे गर्भातले निदान हे तिचे जुने काम. डहाणूच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि दूरध्वनीवर वेळ ठरवूनच निघा. घोलवडकरांना सीमेपलीकडचे वलसाडही जवळ पडते. दक्षिण गुजरातमध्ये सिकलसेलच्या तपासणीची घडी बसवणारे डॉ. यझदी इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्या भागातल्या दवाखान्यांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. पण अर्धी तपासणी इकडे, अर्धी तिकडे असे करू नका; त्यातच आठवडे जातात.

रक्ताची नळी आणि डहाणूची लोकल

२०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. घोलवडचे स्टेशन त्याच्या पुढे, त्यामुळे इथून निघणाऱ्याला बहुधा गाडी बदलावी लागते. तपासणीच्या दृष्टीने यात एक गोम आहे. एचपीएलसीचे जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त थंड ठेवून दुसऱ्या दिवशी पोचले तरी चालते. पण आईच्या रक्तातला बाळाचा डीएनए मोजायचा असेल तर त्याच नळीतले रक्त साधारण सहा तासांच्या आत फिरवून द्रव वेगळा करावा लागतो. उशीर झाला की आईच्या पांढऱ्या पेशी फुटतात, तिचा डीएनए द्रवात उतरतो आणि बाळाचा आधीच थोडा असलेला वाटा आणखी घटतो. वैशाखातल्या उकाड्यात तर हे लवकर होते. पेशी फुटू न देणाऱ्या खास नळ्या मिळतात, त्यांत रक्त काही दिवस टिकते. ती नळी नसेल तर आईनेच मुंबईला जाऊन रक्त द्यावे. रक्ताची नळी बर्फात गोठवू तर अजिबात नका.

वारेच्या तुकड्याबरोबर आई आणि वडील या दोघांचेही रक्त द्यावे लागते. तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या तर अहवाल बाळाचा न येता आईचाच येऊ शकतो. ‘आईच्या पेशींची भेसळ तपासली का?’ हे विचारायला लाजू नका. चांगली प्रयोगशाळा ते अहवालात आपणहून लिहिते.

कायद्याने तुमच्या हातात काय आहे

गर्भाच्या डीएनएची कोणतीही तपासणी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली येते, मग नमुना आईच्या दंडातून घेतलेला का असेना. लो यांनी १९९७ मध्ये बाळाचा डीएनए ओळखला तो मुलग्याच्या वाय गुणसूत्रावरूनच, हे लक्षात घेतले की कायद्याचा कडकपणा समजतो. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी तपासणीला कायद्याची परवानगी आहे, पण नोंदणी असलेल्या केंद्रातच. तपासणीचे धोके गरोदर बाईला समजावून सांगितले पाहिजेत. तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेतली पाहिजे आणि त्या संमतीची प्रत तिला दिली पाहिजे. इंग्रजी कागदावर नुसता अंगठा घेणे या कायद्यात बसत नाही. बाळाचे लिंग कोणी सांगू नये, तुम्ही विचारूही नये.

बाळ रुग्ण आहे असे निघाले तर पुढे काय करायचे, हा निर्णय त्या बाईचा. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवते. समुपदेशकाने दुसरी बाजूही मांडायला हवी. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये काही रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते आणि आजार त्यामानाने सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात. गर्भ ठेवायचा ठरवला म्हणून कोणी बोल लावत असेल तर त्याचे ऐकू नका.

घरात रुग्ण असेल तर आणखी काही गोष्टी मागून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागले तर आरक्षणासारखे लाभ मिळतात. सरकारी रक्तपेढीत सिकलसेलच्या रुग्णाला रक्त मोफत द्यायचे आहे, प्रक्रियाशुल्कही घ्यायचे नाही. एसटीच्या सवलतींच्या यादीतही हे रुग्ण आहेत, डहाणू आगारात चौकशी करा.

ट्रूनॅट ही वेगळी

सरकारी दवाखान्यात ‘चिपवरची डीएनए तपासणी’ म्हणून जी दिसते, ती बहुधा क्षयरोगाची ट्रूनॅट. गोव्यातल्या वेर्णे इथल्या मोलबायो कंपनीची ही तपासणी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्य केली. तिच्यात बेडक्यातले जंतू शोधतात. ती थेंबांची नाही आणि तिच्यावरून सिकलसेल कळत नाही.

बाळ जन्मल्यावर

गर्भातली तपासणी केली असो वा नसो, वाहक जोडप्याच्या बाळाची टाचेतल्या रक्तावरून एचपीएलसी किंवा डीएनए तपासणी जन्मानंतर लगेच मागा. ‘सहा महिन्यांनी या’ असे सांगितले गेले तर ते सोल्युबिलिटीपुरते खरे आहे, हे लक्षात ठेवा. रुग्ण ठरलेल्या बाळाला पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस वेळेवर मिळायला हवी. ताप आला, पोट डाव्या बाजूने एकाएकी फुगले किंवा हातपाय सुजले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डहाणूला निघा, आणि निघताना सिकलसेलचा अहवाल घ्यायला विसरू नका.